दुभाष्याची सही

लिफ्ट तळघरात जायला नको होती. तिने चौथ्या मजल्याचं बटण दाबलं होतं, पण खालून कुणीतरी आधीच बोलावून ठेवली असावी. लिफ्ट क्षणभर कचरली आणि वर जायच्या ऐवजी खाली निघाली. सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती. तळघरात दार उघडलं तेव्हा आधी वाफेचा आणि साबणाचा उबट वास आत आला, मग बोलणं. रुग्णालयाच्या धुलाई विभागातल्या दोघी बायका हिरव्या कापडांच्या गठ्ठ्यांनी भरलेली ट्रॉली घेऊन उभ्या होत्या. खोऱ्याच्या भाषेत त्यांचं काहीतरी रंगात आलं होतं, कुणाच्या तरी जावेने घेतलेल्या शिलाई मशीनबद्दल. "घरात पाय पसरायला जागा नाही आणि हिला मशीन," एवढं तिच्या कानावर आलं आणि पुढचं ऐकायला तिचे कान सवयीने टवकारलेही. मग दोघींनी तिला पाहिलं. बोलणं तिथंच तुटलं. महिन्याभरापूर्वी याच दोघी ट्रॉली आडवी लावून "या, आपल्या डॉक्टरीणबाई" म्हणत तिला जागा करून द्यायच्या. आता थोरलीने ट्रॉलीचा दांडा मागे ओढला आणि धाकटीला म्हणाली, "राहू दे. पुढच्याने जाऊ." हे ती शहराच्या भाषेत म्हणाली. एकमेकींशी त्या भाषेत ज्यांनी आयुष्यात चार वाक्यं बोलली नसतील, त्यातली एक दुसरीला तिच्यादेखत त्या भाषेत सांगत होती की हिच्याबरोबर जायचं नाही. दार मिटलं. लिफ्ट वर निघाली तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण सरकून भिंतीला पाठ लावून उभ्या आहोत, ट्रॉलीसाठी जागा करून.

चौथ्या मजल्यावर शस्त्रक्रिया विभाग. दाराशीच एक मोठा फलक होता, त्यावर पाच चेहरे आणि खाली मजकूर: 'आमच्या विभागात पाच भाषा बोलल्या जातात.' मधला चेहरा तिचा होता. फोटो काढणाऱ्याने मास्क हनुवटीखाली ओढायला लावला होता, त्यामुळे गळ्याला काहीतरी बांधल्यासारखं दिसत होतं. पाचांतल्या चार भाषा निम्म्या विभागाला येत होत्या. पाचवी फक्त तिला. खोऱ्यातून कामासाठी उतरलेली माणसं शहरात हजारोंनी होती, ती धुवायला, ओझी उचलायला, रस्ते खणायला होती, आणि आजारी पडली की याच रुग्णालयात येत होती. पण तिच्याआधी त्यांच्यातलं कुणी या विभागात सर्जन व्हायला आलेलं नव्हतं. मुलाखतीत मोठे सर, म्हणजे विभागप्रमुख, खुर्चीत पुढे सरकून म्हणाले होते, "तुझ्यामुळे आमची एक खिडकी उघडेल." तिला बरं वाटलं होतं. खिडकीला स्वतःला बाहेर बघता येतं की नाही हा विचार तेव्हा मनात आला नव्हता. पहिल्याच महिन्यात तिचं टोपणनाव पडलं: टेलिफोन. ते तिच्या बरोबरीच्या निवासी डॉक्टरने ठेवलं. त्याचे वडील आणि आजोबाही सर्जन होते, म्हणून त्याला सगळे राजपुत्र म्हणत. तीन नंबरच्या ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, दाराशेजारी भिंतीवर, एक करड्या रंगाचा फोन होता. तो वाजला की राजपुत्र मास्कमधून म्हणायचा, "टेलिफोनचा टेलिफोन आला." बहुतेक वेळा ते खरं असायचं. खोऱ्यातला पेशंट आलाय, पाठवा तिला. मग तिने टेबलापासून मागे व्हायचं, हातमोजे उतरवायचे, गाऊन उतरवायचा, दोन मजले खाली जायचं, कुणा म्हाताऱ्याला कुठं दुखतं ते विचारायचं आणि परत येऊन पुन्हा पाच मिनिटं हात धुवायचे. तोवर टेबलावरचं काम झालेलं असायचं. ते बहुधा राजपुत्राने केलेलं असायचं, आणि चांगलंच केलेलं असायचं, हे तर जास्तच बोचायचं.

हे सगळं लॉगबुकात दिसत होतं. तीन वर्षांत कोणती शस्त्रक्रिया किती वेळा पाहिली, किती वेळा मदतीला उभं राहिलं, किती वेळा स्वतःच्या हाताने केली. दुभाष्याच्या कामाला त्यात रकाना नव्हता. आतड्याचे जोड, स्वतंत्रपणे, दहा. तिचे नऊ झाले होते. महिना संपायला चार दिवस होते आणि महिनाअखेर ते पुस्तक मोठ्या सरांच्या सहीने पुढे गेलं नाही, तर परीक्षेला आणखी सहा महिने थांबावं लागणार होतं. आज सकाळी तीन नंबरला एका पोस्टमनच्या आतड्याची केस होती आणि सरांनी काल स्वतःहून सांगितलं होतं, "उद्याचा जोड तुझा." पण आज वॉर्डात तळघरातल्या धुलाई विभागातली एक बाईही होती. आधीच्या ऑपरेशनमध्ये तिच्या पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड आत ओढलं गेलं होतं, कातडीखाली घाण झिरपत होती, पुन्हा उघडावं लागणार होतं. ती केस बाराला लावली होती. त्याआधी संमतीपत्र, आणि संमतीपत्रासाठी फोन येणार. आला की या वेळी जायचं आणि सांगायचं. सगळं. बाईला, तिच्या लेकाला, आणि शेजारी जो कोणी डॉक्टर उभा असेल त्याला शहराच्या भाषेतही. आठ दिवस ती ते बोलणं जुळवत होती. जिन्यात, आंघोळ करताना, बसच्या खिडकीशी. खोऱ्याच्या भाषेत चार वाक्यं. मागच्या वेळी मी तुम्हाला पिशवीचं सांगितलं नाही. ती माझी चूक. या वेळी ती पिशवी कायमची राहील असं होऊ शकतं. नको असेल तर नाही म्हणा, मी इथंच आहे. चौथं वाक्य तिने तीनदा काढलं होतं आणि तीनदा परत घातलं होतं.

बदलायच्या खोलीत तिने हिरवे कपडे चढवले. खालून धुऊन येणाऱ्या कपड्यांना तोच वास असायचा, वाफेचा. पूर्वी तो तिच्या लक्षातही येत नसे. एवढ्या कापडांना माणसांचे हात लागत असतील हे तिला पहिल्यांदा सांगितलं ते त्या बाईनेच, पाच आठवड्यांपूर्वी, मंगळवारी, अकराच्या सुमाराला. त्या दिवशीही तिच्या हाती जोड येणार होता. आतड्याची दोन टोकं समोर होती, सिस्टरने सुई लावून ठेवली होती, आणि भिंतीवरचा फोन वाजला. सर म्हणाले, "जा, दहा मिनिटांत ये, आम्ही थांबतो." ती जवळजवळ पळतच गेली. खाटेवर पन्नाशीची, आडव्या बांध्याची बाई बसली होती, मनगटापर्यंत हात पांढरेफटक आणि सुरकुतलेले, नेहमी पाण्यात असल्यासारखे. शेजारी तिचा तिशीतला लेक, भिंतीकडे बघत. कागदावर लिहिलं होतं की गाठ खूप खाली आहे, आतडं जोडता आलं नाही तर त्याचं तोंड पोटावर काढून पिशवी लावावी लागेल. ती आपल्या भाषेत बोलायला लागली तशी बाई खुलली. "अगंबाई, तू आपल्यातली! कुणाची गं तू पोरी?" मग वडिलांचं गाव, आईचं माहेर, असं सगळं निघालं. मग बाई म्हणाली, "तुमची ती हिरवी कापडं माझ्या हातची असतात बरं का. अकरा वर्षं. मी घडी घालते ना, तर एक कोपरा बाहेर दुमडून ठेवते, तुमच्या हाताला न बघता सापडावा म्हणून. बाकीच्या नाही ठेवत. सापडतो की नाही?" तिला कोपरा नेहमी सापडायचा. तो आपोआप सापडतो असंच तिला वाटत आलं होतं. "सापडतो, मावशी," ती म्हणाली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सात मिनिटं झाली होती.

पिशवीचं वाक्य तिच्या तोंडाशी आलं होतं, हे तिला अजून स्पष्ट आठवतं. त्याला खोऱ्याच्या भाषेत तयार शब्द नव्हता. सगळं वर्णन करून सांगावं लागणार होतं, पोटावर कुठं, काय, कसं बाहेर येईल, आणि तेही आईच्या वयाच्या बाईला, लेकासमोर. बाई घाबरली असती. ओल्या चादरींचा भिजून जड झालेला ढीग ती पोटाशी कवटाळून उचलत असे, ते काम कसं करायचं हे तिने विचारलं असतं. भावांना विचारून येते म्हणाली असती. अर्धा तास. वर आतड्याची दोन टोकं थांबली होती. "गाठ काढतील," ती म्हणाली. "आणि गरज पडली तर आणखी थोडं काही करावं लागेल. ते सर आत बघून ठरवतील." बाईने विचारलं, "तू असशील ना तिथं?" "असेन." "मग झालं तर." बाईने सही केली, अक्षरं एकेक जोडत. खाली 'दुभाष्याची सही' असं होतं, तिथं तिने स्वतःचं नाव झरकन लिहिलं. त्यावर छापलेलं होतं: वरील सर्व मजकूर मी रुग्णास त्याच्या भाषेत समजावून सांगितला आहे. ती वर पोचली तेव्हा राजपुत्र शेवटची गाठ मारत होता. "सॉरी गं," तो म्हणाला, "सर म्हणाले, फार वेळ उघडं नको. फोनचं बिल फार आलं का?"

खोटं एक अक्षरही बोलले नाही, असं ती त्या दिवशी स्वतःशी म्हणाली, आणि हे म्हणणं तिला फार जुनं, ओळखीचं वाटलं. सात-आठ वर्षांची असल्यापासून ती आईची दुभाषी होती. आईला शहराची भाषा यायची नाही. विजेच्या कचेरीत, दवाखान्यात, शाळेत, सगळीकडे ती आईचं बोट धरून जायची, म्हणजे लोकांना तसं दिसायचं. खरं तर आईच तिचं बोट धरून असायची. एकदा वर्गातल्या बाईंनी आईला बोलावून घेतलं आणि चांगलं फैलावर घेतलं की मुलगी तासभर बडबडते, गृहपाठ करत नाही, दुसऱ्यांनाही करू देत नाही. तिने आईला सांगितलं, "बाई म्हणतात, मुलगी बोलकी आहे, सगळ्यांमध्ये मिसळते." आई बाईंकडे बघून इतकी गोड हसली की बाई चपापल्या. घरी जाताना आईने तिला बर्फाचा गोळा घेऊन दिला. ही गोष्ट तिने विभागात कितीतरी वेळा सांगितली होती, हशा पिकायचा, सरसुद्धा हसायचे. गाळायचं कसं हे ती तेव्हाच शिकली होती. दोन्ही बाजूंची माणसं आपल्याकडे बघून हसत असतात आणि मधली वाट फक्त आपल्याला माहीत असते. त्या वाटेवर काय सांडलं ते कुणी बघायला येत नाही.

दोन दिवसांनी बाईचं ऑपरेशन झालं. ती समोर मदतनीस म्हणून उभी होती, शब्द दिल्याप्रमाणे. गाठ अपेक्षेपेक्षाही खाली निघाली. सरांनी थोडा वेळ बोटांनी चाचपलं आणि म्हणाले, "जोड नको. टिकणार नाही. तोंड वर काढू." मग त्यांनी मान वर केली. त्यांना बहुधा मंगळवार आठवला असावा, आपल्यामुळे एक केस हिच्या हातून गेली हे. ते मनाने वाईट नव्हते. "हे तू कर. पूर्ण. मी हात लावत नाही." आणि ती काय म्हणाली असती? तिने डावीकडे, कमरेच्या वर, दोन बोटांएवढं वर्तुळ कापलं. आतडं ओढून घेतलं, उमलवलं, कातडीला आठ टाके घालून शिवलं.  तिला आत कुठंतरी एक प्रकारची स्वच्छ, गार एकाग्रता जाणवली, तीन वर्षांत पहिल्यांदा मध्येच कुणी न बोलावल्याची. "सुंदर," सर म्हणाले. लॉगबुकात त्या शस्त्रक्रियेच्या ओळीत तिने तारीख टाकली. 'स्वतंत्रपणे' या शब्दाखाली. घरी गेल्यावर तिला जेवण गेलं, झोपही लागली, हे तिने नंतर स्वतःच्या विरुद्ध नोंदवून ठेवलं.

तिसऱ्या दिवशी बाईने चादर दूर करून पाहिलं. वॉर्डातल्या सिस्टर सांगत होत्या, आधी तिला वाटलं काहीतरी चुकून चिकटलंय, ती ते काढायला गेली. मग ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. जेवण परत.  सोमवारी मोठ्या सरांचा राऊंड होता, सर, मागे आठ-दहा जण, राजपुत्र फायली घेऊन. सर खाटेशी थांबले, कागद वाचला आणि म्हणाले, "पेशंट म्हणते आपल्याला माहीत नव्हतं. इथं तर सही आहे. विचार गं त्यांना, हे सगळं समजावलं होतं की नाही?" तिने विचारलं. खोऱ्याच्या भाषेत तिने तेवढंच, नेमकं विचारलं, मावशी, तुम्हाला हे सांगितलं होतं का. बाईने भिंतीकडचं तोंड वळवलं. आवाज चढवला नाही. "तू नव्हतं सांगितलंस, पोरी. तुलाच तर विचारलं मी." "काय म्हणतात?" सर म्हणाले. मागे कुणीतरी पेनाचं टोपण उघडझाप करत होतं. ती आठ-दहा तोंडं तिच्याकडे बघत होती, आणि तिला वाटलं आपण भाषांतर करतोच आहोत, शब्द येताहेत, आणि ती म्हणाली, "सांगितलं होतं, पण लक्षात राहिलं नाही, म्हणतात."

तळघरात मुकादमाची भाषा शहराची होती. आण, ने, लवकर, उरक. आणि दिवसातून दहादा, लक्षात राहत नाही का? अकरा वर्षांत त्या बाईला शहराच्या भाषेतली फारशी वाक्यं आली नसतील, पण हे एक आलं असणार, हे तिला बाईचा चेहरा बघताना कळलं. बाई तिच्याकडे बघत राहिली. तिच्या नजरेत राग दिसला असता तर बरं झालं असतं. पण ती बघत होती ती डाग जाईल की नाही हे ठरवणाऱ्या माणसासारखी. मग तिने चादर छातीपर्यंत ओढून घेतली, तळहाताने सारखी केली आणि एक कोपरा बाहेर दुमडला. सर पुढच्या खाटेकडे वळता वळता म्हणाले, "असंच होतं. ही माणसं सगळ्याला हो हो म्हणतात. त्यांच्यात नाही म्हणायची पद्धत नाही. आपणच शिकलं पाहिजे." राजपुत्राने ते लिहूनही घेतलं.

दोन आठवड्यांनी, शुक्रवारच्या बैठकीत, जिथे विभागातल्या चुका आणि गुंतागुंती मांडायच्या असतात, ही केस चौथी आली. फळ्यावर कारण लिहिलं गेलं: रुग्णाची मर्यादित समज. त्या वेळी उठून उभं राहायला किती सेकंद मिळाले हे तिला माहीत होतं, कारण भिंतीवरचं घड्याळ समोर होतं. नऊ. मग सर म्हणाले, "पुढच्या शुक्रवारी आपण यावर वीस मिनिटं ठेवू. तूच बोल. तुझ्याइतकं कोण सांगणार?" आणि तिने भाषण केलं. गेल्या शुक्रवारी. पडद्यावर पहिलंच वाक्य होतं, 'मान हलवणं म्हणजे समजणं नव्हे.' खोऱ्यातली माणसं डॉक्टरसमोर गप्प का बसतात, मोठ्यांचा मान कसा ठेवतात, प्रश्न का विचारत नाहीत. त्यातलं बरंचसं खरं होतं. ज्या बाईने तिला तिच्या वडिलांचं गाव, आईचं माहेर, कापडाचा कोपरा आणि तू तिथं असशील का, एवढं सगळं विचारलं होतं, तिच्याबद्दल ती वीस मिनिटं सांगत होती की ती प्रश्न विचारत नाही. टाळ्या झाल्या. राजपुत्र जवळ येऊन म्हणाला, आणि थट्टेने नव्हे, "खरंच चांगलं झालं गं. मला हे काही माहीत नव्हतं." नव्या निवासी डॉक्टरांसाठी ते भाषण आता दरवर्षी ठेवायचं ठरलं होतं.

त्यानंतरच्या रविवारी आईचा फोन आला. आई खोऱ्यातल्या माणसांच्या वस्तीतच राहत होती, तिच्याकडे बातम्या पाण्यासारख्या पोचायच्या. "अगं, धुलाईतल्या त्या बाईचं ऐकलंस का? न सांगता पोटाला पिशवी लावली म्हणे. काम सुटलं तिचं. ओझं उचलायचं नाही, आणि वाफेत तो वास, बाकीच्या नाक मुरडतात."

"हो. पुन्हा आलीय आमच्याच वॉर्डात."

"लोक म्हणतात, आपल्याच कुठल्या पोरीने फसवलं तिला. सही घेतली आणि सांगितलंच नाही. तुझ्याशिवाय दुसरी कुणी आहे का गं तिथं आपल्यातली?"

"असतात आई. विद्यार्थी येतात-जातात."

"तेच म्हटलं मी. त्यांना म्हटलं, आमची लेक असती तर असं झालं नसतं. तिने नीट बसून सांगितलं असतं."  मग नेहमीसारखी म्हणाली, "जेवतेस ना वेळेवर?"

आता, तीन नंबरच्या बाहेर, नळाचं पाणी कोपरापर्यंत वाहत होतं. तिने पुन्हा नखांपासून सुरुवात केली. एक, दोन, तीन, चार वाक्यं. फोन येईल. आत गेल्यावर सिस्टरने गाऊन चढवला, हातमोजे दिले. पोस्टमन झोपला होता, पावलं हिरव्या कापडाबाहेर उघडी, टाचांना भेगा. सर समोर उभे होते, आज खुशीत. दीड तासात आजारी भाग निघाला. आतड्याची दोन निरोगी, गुलाबी टोकं चिमट्यात धरून समोरासमोर आली. "ये," सर म्हणाले आणि स्वतः तिच्या जागी गेले, ती त्यांच्या. तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला. ती दचकली नाही. इतक्या दिवसांची शिकवण, तिची पावलं आपोआप टेबलापासून मागे झाली, डाव्या हाताने उजव्या हातमोज्याची कडही धरली. चारही वाक्यं जिभेवर आली, पहिलं पुढे, बाकीची त्याच्या मागे. टेबलाबाहेरची कामं बघणाऱ्या सिस्टरने रिसीव्हर कानाला लावला, ऐकलं, आणि हात वर केला.

"थांबा मॅडम, नका उतरवू. तुमच्यासाठी नाही."

"धुलाईतल्या बाईंचा असेल. संमतीचा."

"त्यांचाच आहे, पण झाली म्हणे संमती. वॉर्डात ते आपले राजपुत्र आहेत ना, त्यांनी घेतली." सिस्टरने रिसीव्हर मानेत धरला. "बाईच म्हणाली, बोलवू नका. मला येतं म्हणाली. मोडकंतोडकं बोलली आपल्या शहराच्या भाषेत. 'कागद द्या. मी करते सही. ती नको.' आणि वॉर्डातले दुसरे दोन पेशंटही खोऱ्यातले, तेसुद्धा हेच म्हणतायत. बरं झालं की, सुटलात."

"कायमचीचं सांगितलं का, विचारा. पिशवी कायमची राहू शकते, ते."

सिस्टरने विचारलं, ऐकलं. "वाचून दाखवलं म्हणतात. बाईने मान हलवली." पुन्हा ऐकलं. "दोन नंबरची ओटी लवकर रिकामी झाली, म्हणून बारापर्यंत थांबत नाहीत. आत्ताच घेतायत तिला. पाच मिनिटांत भूल देतील."

दोन नंबरची ओटी म्हणजे हे दार, मग सात-आठ पावलं, मग ते दार. कुणी अडवणार नव्हतं. आठ दिवस जुळवलेल्या त्या चार वाक्यांत, आता तिच्या लक्षात आलं, फोन वाजणं हे न लिहिलेलं पहिलं वाक्य होतं. कुणीतरी बोलावणार, सर जा म्हणणार, आणि मग ती जाणार. न बोलावता जायचं हे तिने कधी केलंच नव्हतं. आजवर ती प्रत्येक दारातून कुणीतरी बोलावलं म्हणून आत गेली होती. सरांनी मास्कवरून तिच्याकडे पाहिलं. "काय गं? जायचंय का? जायचं तर जा, मी उरकतो हे. पण मग मला पुन्हा केस बघावी लागेल तुझ्यासाठी, आणि दिवस किती राहिलेत बघ." त्यांच्या आवाजात ताकीद नव्हती. ते खरंच विचारत होते. पोस्टमनच्या श्वासाबरोबर यंत्र वरखाली होत होतं. तिने हातमोज्याची कड सोडली. रबर मनगटावर चटकन बसलं.

"नाही सर," ती म्हणाली. "मला नाही बोलावलेलं."

ती पुढे झाली. जोडाआधी आतड्याच्या टोकांभोवती नवं कापड घालायचं असतं. सिस्टरने घडी तिच्या हातात दिली आणि ती न बघता, बोटांनीच, कोपरा शोधू लागली. एका कडेला सापडला नाही. दुसऱ्या कडेला नाही. घडी चौकोनी, सगळीकडून बंद होती. शेवटी तिला मान खाली घालून, दिव्याच्या उजेडात, कापडाकडे बघावं लागलं.

"हल्ली घड्या नीट येत नाहीत खालून," सिस्टर म्हणाल्या. "कुणाच्या हातात काम गेलंय कोण जाणे."

तिने कापड उलगडलं, अंथरलं, चारी बाजूंनी सारखं केलं. मग उजवा हात पुढे केला आणि म्हणाली, "नीडल होल्डर."